जावईबापू ॲडमिन होतात

जावईबापूंनी त्या सकाळी फक्त एक टिक काढायची ठरवली होती. एकच. एका टिकने माणसाचं वाटोळं होतं असं कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

दारं-खिडक्या बनवायचा कारखाना सासऱ्यांचा. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पंधरा दिवस घरीच बसायला सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बघा जरा." या तीन शब्दांचा अर्थ जावईबापूंनी 'मॅनेजर' असा लावला. (संध्याकाळी कुलूप नीट लागतंय का, एवढंच बहुधा सासऱ्यांना म्हणायचं होतं.) आता काही करून दाखवलं तर खुर्ची कायमची आपली, नाहीतर अकरा वर्षं ज्या स्टुलावर काढली तेच स्टूल, हे ते मनोमन ओळखून होते.

कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. खरेदीचं मॉड्यूल, गोदामाचं मॉड्यूल, रवानगीचं, रजेचं. हवं ते जोडा, नको ते काढा, आणि कोणाला कशाला हात लावू द्यायचा तेही तुम्हीच ठरवा. हे शेवटचं जावईबापूंना भलतंच आवडलं. दोन दिवस तहानभूक विसरून त्यांनी अशी मांडणी केली की त्यांनी हो म्हटल्याशिवाय खिळासुद्धा जागचा हलू नये. मेहुणा खरेदी बघायचा, त्याला आता चार बिजागऱ्यांसाठीही अर्ज करावा लागे. गोदाम बायकोकडे होतं. तिचे तर सहा अर्ज पडून होते.

तिसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न पडला, ड्रायव्हरला स्क्रीनवर नेमकं काय दिसत असेल? शहाण्या माणसाने ड्रायव्हरला विचारलं असतं. यांनी स्वतःच्या नावापुढची 'ॲडमिन'ची टिक काढली, 'ड्रायव्हर'वर केली आणि सेव्ह दाबलं. स्क्रीनवर एक ओळ उरली : आज आपल्यासाठी फेरी नाही.

वा, चोख काम, असं म्हणत ते पुन्हा ॲडमिन व्हायला गेले, तर ते पानच सापडेना. सापडणार कसं? ड्रायव्हरला ते दिसू नये याची तजवीज त्यांनी स्वतःच केली होती.

बाहेर शाळेची चाळीस दारं भरून ट्रक उभा. चारच्या आत दारं पोचली नाहीत तर पुढची सगळी ऑर्डर दुसरीकडे जाणार होती, आणि गेटपास काही निघेना. मेहुणा तीनदा डोकावून गेला. जावईबापू प्रत्येक वेळी "होतंय" म्हणाले आणि माऊस पुसत बसले. शेवटी त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की अधिकार बदलायचे तर मॅनेजरसाहेबांनी फोन करावा. मीच मॅनेजर, हे म्हणाले. आपण तर इथे ड्रायव्हर दिसताय, ती म्हणाली. यांनी आवाज चढवला, तसं तिने जास्तच गोड आवाजात मालकांना बोलवायला सांगितलं.

कागदोपत्री मालक म्हणजे सासूबाई. घर कारखान्याला लागूनच. त्या चष्मा लावून आल्या, फोनवर आलेला आकडा टाकला आणि क्षणात ॲडमिन झाल्या. नुसती टिक करून द्या, जावईबापू म्हणाले. पण विचारल्याशिवाय सही करणं सासूबाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला, तू काय करतोस, एवढंच विचारलं. बायकोला गोदाम मिळालं, मेहुण्याला खरेदी. ड्रायव्हरने स्वतःचा गेटपास स्वतः काढला आणि पाच मिनिटांत ट्रक फाटकाबाहेर पडला. इतकं सोपं होतं तर दोन दिवस आपण काय करत होतो, हे जावईबापूंना कळेना.

"आता तुम्ही, जावईबापू. तुम्ही काय काम करता?"

"मी म्हणजे... सगळीकडे लक्ष ठेवतो."

"ते कोणत्या मॉड्यूलमध्ये येतं?"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. तिने मनापासून आठवून बघितलं, "अहो, तुम्ही परवा ते..." इथपर्यंत आली आणि थांबली. मेहुणा छताकडे बघत होता. अकरा वर्षं आपण करत होतो तरी काय, हा प्रश्न जावईबापूंनाही पहिल्यांदाच पडला.

सासूबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. शेवटी त्यांना एक जागा सापडली : रजेचा अर्ज करणे. मंजुरी मेहुण्याकडे.

सगळे कामाला गेले. जावईबापू स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत राहिले. निदान हे तरी चालतंय का बघावं (सवय हो, दुसरं काय), म्हणून त्यांनी एका दिवसाची रजा टाकली. बटणावरचं बोट उचलायच्या आत मंजुरी आली. त्या कारखान्यात इतक्या झटपट आजवर काहीच मंजूर झालं नव्हतं.

त्यांनी नीट वाचलं. मागितला होता एक दिवस, मंजूर झाला होता अख्खा महिना.