कैतोची टाच

“बाद! गडी बाद! लाइन टच!”

उत्तमराव खाटेवरून असे ओरडले, की आत गोजरबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी थेट चुलीत गेली. त्या धावत बाहेर आल्या. नवऱ्याचा प्लास्टरमधला पाय उशीवर जागच्या जागी होता आणि नवरा टीव्हीकडे बोट रोखून रागानं थरथरत होता.

पंधरा दिवसांपूर्वी शेतात हळद शिजवताना वाफेच्या मोठ्या कुकरपाशी चिखल झाला, त्यात घसरून उत्तमरावांनी पाय मोडून घेतला होता. तीस वर्षं सेनगाव तालुक्यात कबड्डीचा पंच म्हणून मिरवलेला हा माणूस. मुंगीनं रेघ ओलांडली तरी यांची शिट्टी वाजते, असं लोक म्हणत. एकदा दिलेला निकाल त्यांनी कधी फिरवला नव्हता, आणि ही गोष्ट न विचारता सगळ्यांना सांगायची त्यांना सवय होती. असा माणूस खाटेवर पडून करणार काय? धाकटी पुनम शाळेतून आली की ती लावील ते पाहायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं.

पुनम नववीत होती. ती आणि गावातली तमाम पोरं सध्या एका जपानी कार्टून मालिकेच्या नादी लागली होती. जादू शिकवणारी एक शाळा, तिथली पोरं मंत्र म्हणून आग काढतात, वादळं उठवतात, आणि वर्षातून एकदा शाळेची मोठी स्पर्धा भरते. पहिले दोन दिवस उत्तमरावांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली आणि दाढीवाल्या पंचानं नियम सांगितला, की चमकत्या वर्तुळाबाहेर अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला तर गडी बाद. उत्तमराव उठून बसले. नियम आले म्हणजे हा आपला प्रांत, असं त्यांचं साधं सरळ मत होतं.

आज उपांत्य सामना होता. एकीकडे कैतो, गरीब घरचा, ज्याच्या मंत्रानं सहा महिने साधी मेणबत्ती पेटली नव्हती. दुसरीकडे झेन, मोठ्या खानदानाचा, ज्याला हरणं कसं असतं ते माहीत नव्हतं. शेवटच्या क्षणी कैतोनं आगीचा असा लोट सोडला की झेन उडून वर्तुळाबाहेर पडला. पडद्यावर शाळा नाचली, इकडं पुनम नाचली, आणि तेव्हाच उत्तमराव ओरडले होते.

“बाबा, कैतो जिंकला ना!”

“काय जिंकला? मागं घे. अजून मागं. थांब! ही टाच बघ. दोन बोटं बाहेर हाय. आग सोडायच्या आधीच गडी बाद.”

“पण तिथल्या पंचानं तर...”

“त्या दाढीवाल्याला आधी डोळे तपासायला हिंगोलीला धाडा.”

“अवो, चित्र हाय ते,” गोजरबाई म्हणाल्या.

“चित्र असलं म्हणून काय झालं? रेघ ती रेघ. पुनम, मोबाइल धर. माझं शूटिंग कर अन् टाक गावच्या ग्रुपवर.”

पुनमनं शूटिंग केलं. एका बाजूला टीव्हीवर थांबलेली कैतोची टाच, दुसऱ्या बाजूला उत्तमरावांचा करारी चेहरा. “मी उत्तमराव. तीस वर्षांचा पंच. टाच रेघेबाहेर. कैतो बाद. पंचाचा निर्णय अंतिम राहील.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हा निकाल सेनगावात पोचला आणि संध्याकाळी जवळा बाजारात. पोरांच्या जगात हाहाकार उडाला. उत्तमराव खूश होते. पाय मोडला तरी आपली नजर शाबूत आहे, हे तालुक्याला कळलं म्हणून त्या दिवशी ते अर्धी भाकरी जास्त जेवले.

तिसऱ्या दिवशी यात्रा कमिटीचे अध्यक्ष विजयकुमार आले. चैती यात्रेतल्या कबड्डीला आठच दिवस उरले होते. ते खाटेच्या कडेला बसले आणि टोपी काढून पुन्हा घातली.

“भाऊ, तकलीफ झाली. पोरं खेळायला तयार न्हाईत.”

“काहून?”

“म्हणतात, ज्यानं कैतोला बाद दिलं त्याच्या शिट्टीवर आमी मैदानात उतरत न्हाई. आपल्या गावच्या संघातल्या मुन्नानं सोळाच्या सोळा कॅप्टनच्या सह्या घेतल्या.”

“मुन्नानं? त्या पोट्ट्याला चड्डीची नाडी बांधता येत न्हाई!”

“सही झकास करतो मात्र.” विजयकुमारांनी आवाज खाली आणला. “भाऊ, चूक झाली म्हणून टाका ना. कार्टूनच तर हाय. न्हाईतर यंदा हिंगोलीचा पंच आणावा लागंल. पत्रिका उद्या परवा छापायला द्यायची हाय.”

यात्रेची कबड्डी आणि शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात, हे दृश्य उत्तमरावांना डोळ्यांसमोर आणवेना. पण खोटी माफी मागायची म्हणजे तीस वर्षांवर पाणी सोडायचं.

“निकाल फिरवला तर मी पंच कसला?” ते म्हणाले. “पत्रिका दोन दिवस थांबवा. रविवारी पोरांना शाळेच्या हॉलमधी बोलवा, पडदा लावा. एक एक चित्र थांबवून दाखवतो. मग बराबर कोण ते पोरांनीच सांगावं.”

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. ग्रामपंचायतीचा प्रोजेक्टर आणि पुनमच्या शाळेचा लॅपटॉप आला होता. उत्तमराव जीपच्या मागच्या बाकड्यावर पाय पसरून आले, गळ्यात शिट्टी, हातात वेळूची काठी. बोलावलं होतं सोळा संघांना, जमलं होतं अर्धं गाव. जुने खेळाडूही मागच्या रांगेत दाटीनं बसले होते. कधी नव्हे तो उत्तमरावांचाच निकाल लागतोय, ही संधी कोणाला चुकवायची नव्हती.

पडद्यावर टाच आली. दरवाजाएवढी मोठी.

“ही रेघ, ही टाच,” काठी पडद्यावर आपटली. “बोला.”

मुन्ना उभा राहिला. “तो जादूचा बूट हाय. त्याची टाच धरत न्हाईत.”

“कोणत्या नियमात लिहिलंय?”

मुन्ना खाली बसला. दुसरा म्हणाला, “कैतो तवा हवेत होता.”

“हवेत होता तर टाचेखालून धूळ कशी उडाली?”

तोही बसला. असे सात जण उठले आणि सात जण बसले. पोरांचे चेहरे उतरले, मागच्या रांगेत माना डोलू लागल्या. उत्तमरावांची छाती फुगली. एवढा स्वच्छ सामना त्यांनी बऱ्याच वर्षांत जिंकला नव्हता.

“मग? कैतो बाद. आजून कोणाची हरकत?”

“माझी हाय, बाबा.”

लॅपटॉपमागून पुनम बोलली होती. तिनं चित्र थोडं मागं घेतलं. आता कैतोची टाच आत होती. तिनं पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं झेन गुडघ्यावर बसून जमिनीतून ताकद ओढत होता आणि त्याचा डावा पंजा पुरता वर्तुळाबाहेर टेकला होता.

“झेन आधी बाद झाला,” पुनम म्हणाली. “तुमी आगीकडं बघून राहिले होते. सगळेच आगीकडं बघून राहिले होते.”

उत्तमरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. विजयकुमार त्यांच्या कानाशी लागले, “सावली हाय म्हणा, भाऊ. कोणाला कळतंय?”

उत्तमरावांनी पुन्हा पाहिलं. चार बोटं आणि अंगठा, सगळं बाहेर. दिसलेलं न दिसल्यासारखं करायची कला त्यांना कधी जमली नव्हती आणि आता शिकायचं वय उरलं नव्हतं. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले.

“झेन आधी बाद. कैतो विजयी. पंचाचा फेरनिकाल!”

पत्रे उडतील असा गलका झाला. मुन्नानं पळत येऊन त्यांच्या प्लास्टरलाच मिठी मारली. ते कळवळले, पण हसत कळवळले. विजयकुमार तिथूनच पत्रिका छापायला गेले, पंचाचं नाव तेच ठेवून.

घरी येईपर्यंत उत्तमराव पूर्ववत झाले होते. “मोठा पंच असतो ना, तोच चूक कबूल करतो,” त्यांनी गोजरबाईंना सांगितलं. रात्रीच्या जेवणापर्यंत तर झेनचा पंजा त्यांनीच शोधून काढला होता.

सकाळी चहाच्या आधी अंगणात नऊ माणसं उभी होती.

सगळ्यांत पुढं तांड्यावरचा थावरा, एकेकाळचा नामांकित चढाईपटू. त्यानं पेन ड्राइव्ह काढला. “भाऊ, पंधरा वर्षांमागली फायनल. तुमी मला बाद दिलं. माझ्या मेव्हण्यानं शूटिंग केली होती. बघून घ्या.”

“पंचाचा निर्णय अंतिम असतो!”

“कालपातूर होता,” थावरा अदबीनं म्हणाला.

त्याच्यामागं सेनगावचे दोघं फोटो घेऊन आले होते. जवळा बाजारच्या एका म्हाताऱ्याकडे काहीच नव्हतं. “मी काय पुरावा आणू?” तो म्हणाला, “पाय आणलाय.” आणि त्यानं धोतर वर करून तो दाखवला.

उत्तमराव डगमगले नाहीत. खाट अंगणात आणवून त्यांनी प्रकरणं ऐकायला घेतली. दुपारपर्यंत आठ निकाल कायम झाले. थावराच्या निकालावर मात्र त्यांनी शूटिंग चार वेळा पाहिलं आणि घाम पुसून त्याला विजयी घोषित केलं. थावरा रडला. पंधरा वर्षं उराशी धरलेली गोष्ट होती ती. सगळे चहा प्यायला बसले, तेव्हा गोजरबाई पदराला हात पुसत आल्या आणि रांग होती त्या जागी उभ्या राहिल्या.

“माझं बी एक हाय.”

“तुझं काय?”

“तुमची पंच म्हणून पहिली मॅच. आमच्या गावात. माझ्या किसनदादाला तुमी बाद दिलं. लग्नाला तो आला, पर जेवला न्हाई. तवापासून भाऊबीजेला मीच जाते. त्यानं आपल्या घरची पायरी चढली न्हाई.”

“टाच बाहेर होती त्याची.”

“आत होती. मी रेघेपाशीच उभी होते.”

“अगं, मग मला कशी दिसली न्हाई? मी काय आंधळा होतो का?”

“आंधळे नव्हते,” गोजरबाई म्हणाल्या. “तुमी माझ्याकडं बघून राहिले होते.”

अंगणात कोणी चहाचा घोट घेईना. थावरा लिंबाच्या झाडाकडे पाहू लागला. उत्तमरावांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. रेघेपाशी उभी असलेली पोर आठवली, तिची पिवळी साडी आठवली, ती कोणाकडे बघून हसली तेही आठवलं. किसनरावांची टाच काही केल्या आठवेना.

“पुनम,” ते म्हणाले, “मामाला फोन लाव.”

“काय सांगू?”

“तुमी बाद नव्हते म्हणावं. फेरनिकाल लागलाय. सगळ्यांना घेऊन जेवायला या.”

“अन् कारण विचारलं तर?”

उत्तमरावांनी गोजरबाईंकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“पंचानं कारण सांगायचं नसतं.”