गोगलगाईचा पाट

बागेच्या माळ्यानं पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर पहिली कुदळ घातली, तेव्हा धाकटी घरी शिट्टी शोधत होती.

ती सरकारी विद्यापीठात उद्यानं आणि विरंगुळा हा विषय शिकत होती. "लोकांची मुलं काम शिकतात, आमची रिकामा वेळ शिकते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आज शेवटचं प्रात्यक्षिक होतं. बागेत आपसूक आलेली चाळीस माणसं खेळवायची, मग स्वतः दहा मिनिटं निघून जायचं. मागं खेळ चालू राहिला तर पास. गेल्या वर्षी ती वळली आणि तिच्यामागोमाग सगळी बागच घरी गेली. यंदाही तसंच झालं तर पदवी हुकणार होती.

म्हणून काल संध्याकाळी तिनं हिरवळीवर फक्कीनं भलीमोठी गोगलगाय आखून ठेवली होती. वळणावळणानं लंगडी घालत मध्यापर्यंत जायचं, असा बेत.

आईला पिशवी धरायला घेऊन ती पोचली, तर गोगलगाईच्या जागी वीतभर खोल चर!

"काका, हे काय केलंत?"

"खणलं," माळी छाती फुगवून म्हणाला. "अठरा वर्षं झाली बाई. फक्की दिसली की नळाचं काम. कुणी सांगावं लागत नाही."

"असा वेटोळ्यांचा नळ असतो का कुठं?"

"मलाही तेच वाटलं! पण वरच्यांचं डोकं आपल्याला कळतं होय? उतार बघायला पाणीपण सोडलंय."

तेवढ्यात पांढरीशुभ्र विजार सांभाळत परीक्षक आले. आता लंगडी घालायची कुठं! पण खणलेल्या जागेभोवती माणूस थांबल्याशिवाय राहतो थोडाच! फिरायला आलेले सगळे चराभोवती जमले आणि जो तो शहाणपण सांगू लागला.

"मध्यापर्यंत पाणी पोचायचं नाही," निवृत्त मास्तर म्हणाले.

"न पोचायला काय झालं? तुम्ही नुसते खडू घासा!" भाजीवाली फणकारली.

धाकटीनं वाळकी पानं उचलली, दोघांच्या हातात एकेक दिलं. "सोडा पाण्यात! हात लावायचा नाही, नुसती फुंकर. ज्याचं पान आधी मध्यावर, तो खरा."

मास्तर ओणवे झाले. भाजीवालीनं पदर खोचला. पोरांनी ठेका धरला:

"चल रे पाना, वळणं घे,
दमलास तर माझा श्वास घे!"

अर्ध्या तासात माणसं सेहेचाळीस झाली. आईनं पिशवी झुडपावर टांगली.

"आता जा," परीक्षक म्हणाले.

धाकटी फाटकाबाहेर जाऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आत एकदम सामसूम झाली. गेलं वर्ष वाया, हेही गेलं! तिनं डोळे मिटले. आणि असा काही गलका उठला, की भिंतीवरचे कावळे उडाले.

दहा मिनिटं मोजून ती परतली. माळी तोटीशी बसून प्रत्येक जोडीला पाणी सोडत होता. "आपल्या हातचा चर आहे, वाकडं पाणी जायचं नाही!" रांग पार बाकांपर्यंत गेली होती. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून परीक्षक रांगेच्या शेवटी उभे होते, हातात वहीऐवजी पान. त्यांच्या पुढं आई.

"आई, मी आले. एकदा मला..."

"ए, मध्ये घुसायचं नाही!" आई चरावरची नजर न हलवता म्हणाली. "ह्या सरांच्या मागं उभी राहा."

असं झिडकारणं धाकटीला जन्मात कधी इतकं गोड लागलं नव्हतं. ती गुपचूप मागं जाऊन उभी राहिली.