शेऱ्याचा रकाना

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला फसवलं आणि मी निंबानानांना.

माझं पाणीपंपांचं दुकान जळगावात. धुळ्याची शाखा निंबानाना सांभाळतात. त्यांना कोणी ‘आत्ता आलो’ म्हटलं की ते वही पुढे सरकवतात. “आत्ता म्हंजे किती मिनिट? लिखी दे भाऊ.” चहावाल्याशी त्यांचा लेखी करार आहे: दहा मिनिटांत चहा, उशीर झाला तर आलं दुप्पट. भाचीच्या लग्नात त्यांनी भटजींनाच गाठलं. “मुहूर्त टळी गया तर जबाबदार कोन?” भटजींनी तेव्हापासून त्यांची गल्ली सोडली.

गिऱ्हाइकांची माहिती जुन्या संगणकातून नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायची होती. कंपनीचा करार नानांनी तीनदा वाचला.

“काम चार तासांपेक्षा जास्त बंद राहणार नाही, हे बरं. पण प्रत्येक रकाना जुळवून दाखवल्याशिवाय जुनं पुसायचं नाही, हे कुठं शे?”

कंपनीचा माणूस म्हणाला, त्याला तीन दिवस लागतील. हंगाम तोंडावर. मी हातगाडीपासून घासाघीस करत वर आलेलो. तिनाचा एक रविवार करून घेतला. बदल्यात करारात ‘प्रत्येक’ जाऊन ‘महत्त्वाचे’ आलं.

“शेठ, महत्त्वाचं कोन ठरवी?”

मी खेकसलो आणि सही केली.

काम चार तासांच्या आत झालं. नावं, फोन, पंपांचे नंबर जागेवर. ‘शेरा’ हा रकाना तेवढा कोरा. त्यात पंपाचं काही नाही म्हणून तो आणलाच नव्हता, आणि जुनं पुसलं होतं.

“साहेब, करार पाळलाय,” कंपनीने कळवलं.

गेल्या आठवड्यात धुळ्याला गेलो. नाना रोज संध्याकाळी चार-पाच गिऱ्हाइकांना फोन करतात. मी ती धंद्याची चिकाटी समजत होतो. घरी त्यांच्याशी बोलायला कोणी नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. त्यांनी रावेरच्या एका आबांना फोन लावला.

“आबा, मोटार कशी शे? आन् आमच्या अक्का?”

पलीकडून फोन बंद झाला.

नानांनी पडद्यावरच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “‘अक्का वारल्या, विचारू नये.’ शेऱ्यामा मीच लिखेल व्हतं, शेठ. आते ध्यानमा ऱ्हात नही.”

त्या दिवसापासून त्यांनी कोणालाच फोन केलेला नाही.

सही माझी आहे. माझं उत्तर मी देईन. पण तो रकाना बिनमहत्त्वाचा, हे ज्याने ठरवलं त्याने धुळ्याला यावं, नानांसमोर बसावं आणि कशावरून ठरवलं ते सांगावं.