कोरडा कोट

कोरीटच्या हिंमतरावानं थंडीचा पक्का बंदोबस्त केला होता. पौषातल्या सकाळी सायकल हाणत नंदुरबारच्या कापसाच्या जिनात जाणाऱ्या कारकुनानं कुडकुडत का जावं, असा त्याचा सवाल होता. अंगात कापूस भरलेली बंडी, पायांना गोणपाटाच्या पट्ट्या, कानांवर मफलर. जिनात घालायचं धोतर आणि लोकरीचा कोट मेणकापडाच्या बोचक्यात, बोचकं कॅरियरला आवळलेलं. "आते थंडी मन्हं काय करी?" असं म्हाताऱ्या आईला, छबूबाईला, ऐकवून स्वारी निघाली.

त्या दिवशी जिनाचे शेटजी दोघा हंगामी कारकुनांपैकी एकाला कायम करणार होते. एक हिंमतराव, दुसरा रतिलाल. शेटजींना गबाळा माणूस खपत नसे, म्हणून कोटाचे एवढे लाड.

वाटेत सासुरवाडी. तिच्या अलीकडच्या नाल्यात शेवाळलेल्या दगडावरून चाक सटकलं आणि हिंमतराव गारठलेल्या पाण्यात आडवा झाला. बोचकं कोरडं राहिलं, पण बंडीतल्या कापसानं अर्धा नाला पिऊन घेतला! कपडे बदलायला तो सासरच्या दारी गेला. ओटा नुकताच सारवलेला. पाणी गळत असताना शहाणा जावई त्यावर पाय कसा देईल? तो अंगणातच उभा राहिला. तिथंच घात झाला.

ओलेत्यानं येऊन अंगणातच थांबणारा माणूस आपल्याकडे एकाच ठिकाणाहून आलेला असतो. सासूनं, भिकुबाईनं, हातातला तांब्या खाली ठेवला.

"कोन गयं, जवाईबापू?"

हिंमतरावाचे दात असे वाजत होते की शब्द फुटेना. छबूबाई दिवाळीपासून खोकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिकुबाईनं हंबरडा फोडला, गल्लीतल्या बाया धावून आल्या. भिला नावाचा मेहुणा शेटजींना निरोप द्यायला हिंमतरावाचीच सायकल घेऊन सुटला. सुतकातले कपडे म्हणून कुणीतरी बोचकं सोडलं आणि कोटासकट हौदात बुचकळून काढलं.

गरम चहा पोटात गेला तेव्हा त्याला वाचा फुटली. आई घरी धडधाकट भाकरी थापतेय, असं त्यानं सांगितलं. आनंद काही कुणाच्या तोंडावर दिसेना. भिकुबाई तर करवादलीच. "मन्हं इतलं रडनं फुकट गयं ना," म्हणाली.

मफलर तिथंच वाळत टाकून हिंमतराव ओल्या बंडीत, काकडत, पायी जिनात पोचला. रतिलाल कडक इस्त्रीत शेटजींसमोर उभा होता. हिंमतरावाला पाहून शेटजींचे डोळे भरून आले. आईला अग्नी देऊन ओलेत्यानं कामावर येणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी रतिलालला बाहेर घालवलं, हिंमतरावाला तिथल्या तिथं कायम केलं आणि तेराव्यापर्यंत भरपगारी रजाही दिली.

खरं सांगायला हिंमतरावानं तोंड उघडलं. मग दर उन्हाळ्यात जिन बंद झाल्यावर बायकोच्या तोंडाकडे बघत काढलेले दिवस आठवले, आणि तोंड मिटलं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण ती बोलण्याइतकी वाटली नाही. तोवर शेटजींनी दयाळूपणे न्हावी बोलावलाच होता.

दिवस मावळता तो घरी आला. डोकं गुळगुळीत, मिशी गायब. पायांपासून कानांपर्यंत सगळा बंदोबस्त केला होता, टाळूचा तेवढा राहिला होता, आणि सातपुड्याकडचं वारं नेमकं तिथंच झोंबत होतं.

छबूबाई चुलीपुढे गोधडी पांघरून बसली होती. ती बघतच राहिली.

"कोन गयं रे, भाऊ?"

हिंमतराव खाली बघत उभा राहिला. म्हातारी खोकली आणि तिनं आपल्या खांद्यावरची गोधडी काढून त्याच्या डोक्यावर टाकली.

"मंग सांग. आधी डोकं झाक, थंडी लागी जाई."

त्यानं डोकं झाकून घेतलं. तेराव्याला शेटजी स्वतः जेवायला येणार होते.