पायरीवरची वाक्यं

तासगावच्या आदर्श कॉलनीत कुणी फोनवर अशुद्ध वाक्य लिहिलं, की ते फोनात राहत नाही. उठून बिडवे सरांच्या घरी जातं आणि दुरुस्त होईपर्यंत पायरीवर बसून राहतं. कॉलनीचा ग्रुप निघाल्यापासून हे असंच चालत आलेलं आहे. शुद्ध वाक्यं फोनातच राहतात. त्यांना कुठं जायची गरज पडत नाही.

वाक्य उंचीला गुडघ्याएवढं असतं. फारच लांब असलं तर कोपऱ्यात वळून बसतं. सोसायटीने याबाबत रीतसर ठराव केलेला आहे: वाक्यांनी दुचाकीच्या वाटेत बसू नये आणि जाताना फाटक लावून घ्यावे. बाकी कुणाची तक्रार नव्हती. सरांनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना कामच हवं होतं. सकाळी चहा झाला की ते पायरीवर बसत, एकेका वाक्याला जवळ घेत, त्याची वेलांटी नीट करत, सुटलेलं टिंब डोक्यावर ठेवत आणि पाठीवर थाप मारून “जा बाळा” म्हणत. मग ते ज्याच्या त्याच्या फोनात जाऊन पोचायचं.

शकुंतलाकाकू, म्हणजे सरांच्या मंडळी, वाक्यांना चहा देत.

“अहो, सेक्रेटरींचं आलंय. घाईत दिसतंय बिचारं.”

“बसू दे. त्याला ना कर्ता, ना क्रियापद. पाणी कोण सोडणार आणि कधी, देव जाणे.”

“कळतंय की. उद्या पाणी नाही.”

“तुला कळतंय. मागे असंच कळून अर्ध्या कॉलनीने टाक्या भरल्या आणि अर्ध्या कॉलनीने धुवायला काढल्या.”

यात सरांचं काही चूक होतं असं कुणी म्हणणार नाही.

सगळ्यांत जास्त वाक्यं यायची ती परशुराम चौगुल्यांची. कोपऱ्यावर त्यांची पिठाची गिरणी, मागेच घर. सरांचे ते जुने स्नेही. गिरणी बंद केली की रोज सरांच्या अंगणात येऊन टेकायचे. त्यांची वाक्यं अंगाला पीठ लागलेली, पूर्णविराम कशाशी खातात ते ठाऊक नसलेली, फाटकातूनच बोलायला सुरुवात करणारी. सर त्यांच्यावर खेकसायचे, आणि एखाद्या दिवशी ती आली नाहीत तर फाटकाकडे बघत बसायचे.

परशुरामांच्या रेश्माचं लग्न ठरलं त्या दिवशी त्यांचं वाक्य नाचतच आलं. पोरीचं जमलं, पोरगा बँकेत, माणसं चांगली, सगळ्यांनी पेढे खायला यायचं, असं सगळं एका दमात. सरांना मनापासून आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात त्यांनी ते वाक्य झकास दुरुस्त केलं आणि जन्माच्या सवयीने खाली लाल शाईत शेरा दिला: ‘दहापैकी दोन. भाव चांगला. लेखनाकडे लक्ष द्यावे.’ शेऱ्यासकट ते ग्रुपवर गेलं. ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

तेव्हापासून परशुरामांनी अंगठ्याशिवाय काही पाठवलं नाही. अंगठ्याला व्याकरण नसतं, त्यामुळे तो कुणाच्या दारात येत नाही. गिरणी बंद व्हायची आणि परशुराम सरळ घरी जायचे. बाकीच्यांनीही धडा घेतला. ग्रुपवर फुलांची चित्रं आणि कुणीतरी आयते तयार केलेले सुविचार येऊ लागले, सगळे निर्दोष. पायरी ओस पडली. काकू सवयीने जास्तीचा चहा टाकायच्या आणि मग झाडाच्या बुडाशी ओतून द्यायच्या.

“झालं ना मनासारखं?” त्या एकदा म्हणाल्या. “अख्खी कॉलनी शुद्ध झाली.”

सर फाटकाकडे बघत होते. त्यांना परशुरामांची फार आठवण येत होती.

पुढे लग्नाची पत्रिका आली ती फोनवर. छापखान्यातली, काना-मात्रेचीही चूक नाही. पण त्या भागात फोनवरच्या पत्रिकेला कुणी बोलावणं धरत नाही. यजमानाने घरी येऊन, कुंकू लावून हातात अक्षत दिली, तरच ते आमंत्रण. चौगुल्यांची अक्षत कॉलनीत घरोघर फिरली आणि सरांच्या फाटकावरून पुढे गेली.

“बिनबोलावता जायचं नाही आपण,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. रेश्मा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर.

सरांनी परशुरामांना माफी लिहिली. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी, स्वल्पविराम तोलूनमापून. ती परशुरामांच्या फोनात पोचली, निळ्या खुणा उमटल्या आणि ती तिथेच राहिली.

“शुद्ध आहे ना, कुठं जाणार ती?” काकू म्हणाल्या. “चालत जाईल असं काहीतरी लिहा की.”

सरांनी मुद्दाम चुका करून पाहिल्या. पण मुद्दाम केलेली चूक चालत नाही. वाक्य उठतं, जरा लंगडल्याचं सोंग करतं आणि पुन्हा खाली बसतं. सर रडकुंडीला आले.

लग्नाच्या आदल्या दिवशी चौगुल्यांकडे मांडव घालायला लागले. वाशांची ठोकाठोक ऐकून सरांना घरात बसवेना. चष्माही न शोधता त्यांनी फोन उचलला, घशाशी आलं ते लिहिलं आणि पाठवून दिलं. लगेच दारात खुडबुड झाली.

पायरीवर सरांचं स्वतःचं वाक्य उभं होतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. ‘परशू मी चुकलो रे तुझ्या पोरीच लगीन आणि मी घरात आसा बसु काय’, एवढंच होतं ते. धापा टाकत होतं.

सरांचा हात आपोआप त्याच्याकडे गेला. दुरुस्त केलं की हे गुमान फोनात जाऊन पडणार, हे त्यांना माहीत होतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी हात आवरला. मग त्याच हाताने वाक्याचं बोट धरलं, चपला पायात सरकवल्या आणि ते गिरणीकडे निघाले.

परशुराम गिरणीच्या दारात उभे होते. त्यांनी वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“सर, हे तुमचं?”

“माझंच.”

“आन् आसंच आणलं?”

“असंच आणलं.”

परशुरामांनी पिठाचे हात झाडले. “मग आत घ्या की त्याला. उन्हात कशाला उभं केलंय?” आणि आत वळता वळता, “अक्षत घेऊन तुमच्या फाटकापर्यंत आलतो मी. पाऊलच पुढं पडंना.”

“मी मूर्ख आहे, परशू.”

“ते हायच की. च्या घेणार न्हवं?”

परशुरामांच्या मंडळी, हौसावहिनी, घरातून ताट घेऊन आल्या. त्यांनी सरांना कुंकू लावलं, हातात अक्षत दिली आणि “काकूंकडं मी आत्ता येते” म्हणाल्या. मग त्या वाक्यासमोर थबकल्या. त्याची सुरुवात कुठं आणि शेवट कुठं, काही उमजेना. शेवटी अंदाजाने कपाळ धरून त्यांनी त्यालाही कुंकू लावलं.

लग्नाच्या पंगतीत ते सर आणि काकूंच्या मधोमध बसलं. वाढपी जिलब्यांचं ताट घेऊन आला आणि त्याच्यापाशी थांबला.

“हे कुणाकडचं?” त्याने विचारलं.

“मुलीकडचं,” सर म्हणाले. “वाढ त्याला.”