दीडशे मिलिमीटर

हिनेक सुताराने आयुष्यात दोन गोष्टींवर कधी शंका घेतली नव्हती. एक आपला हात, दुसरी आपली पट्टी. गेल्या शरदात त्याने यात तिसरीची भर घातली, ती म्हणजे पेटी.

पेटी पिस्तुलं तपासायला केलेली. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत नेमबाजी क्लबाच्या स्पर्धा भरत. एका जागी उभं राहून श्वास रोखायची नेमबाजी ही नव्हे. इथे पळायचं, वाकायचं, फळकुटांच्या आडून नेम धरायचा, आणि तेवढा वेळ घड्याळ चालू. अशा खेळाला कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही, म्हणून गट पाडलेले. स्टँडर्ड गटातलं पिस्तूल, गोळ्या भरायच्या आपल्या सगळ्यात लांब मॅगझिनसकट, एका ठरावीक पेटीत आडवं मावलं पाहिजे. आतून लांबी दोनशे पंचवीस मिलिमीटर, उंची दीडशे, खोली पंचेचाळीस. मावलं तर ठीक. नाही मावलं तर माणसाची रवानगी खुल्या गटात. तिथे नेमासाठी लाल ठिपक्याच्या काचा बसवलेली, धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाला भोकं पाडलेली पिस्तुलं असतात. स्टँडर्डवाल्याने तिथे जायचं म्हणजे सायकल घेऊन मोटारींच्या शर्यतीत उतरायचं.

क्लबाचा अध्यक्ष यारोमिर बाजारातली ॲल्युमिनियमची पेटी मागवणार होता.

"पत्रा?" हिनेक म्हणाला. "गावात सुतार जिवंत असताना?"

त्याने नासपतीचं लाकूड घेतलं, तळाला एकच अखंड फळी घातली, सांधे आजोबांच्या पद्धतीने सरसाने चिकटवले, आणि कडेवर तीनही मापं कोरली. खिळा एकसुद्धा नाही. पेटी पाहायला शेजारच्या गावाहून माणसं आली. त्या दिवसापासून क्लबात पिस्तुलं तपासायचं काम हिनेककडे आलं, आणि ते त्याने बिशपची टोपी मिळाल्यासारखं डोक्यावर घेतलं.

आता एप्रिलमधली मोसमाची पहिली स्पर्धा होती. गुरुवारी मुलगी यित्का स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"बाबा, शनिवारी रादिम येतोय खेळायला. तुझ्यासाठी येतोय, हे लक्षात ठेव. तू त्याच्याशी माणसासारखा वागलास तर लग्नानंतर आम्ही वरच्या मजल्यावर राहू. नाहीतर ओलोमोउत्सच्या फ्लॅटवाल्याला सोमवारी होकार द्यायचाय."

"मी कधी कुणाशी वाईट वागलो?"

यित्काने आईकडे पाहिलं. व्लास्ताने खिडकीबाहेर पाहिलं.

वरचा मजला हिनेक तीन वर्षं करत होता. जमीन घातली, खिडक्या घातल्या, जिन्याचा कठडा दोनदा काढून पुन्हा केला. कुणासाठी ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. ओलोमोउत्स म्हणजे गाडीने दीड तास. म्हणजे भेट नाताळात एकदा आणि ईस्टरला एकदा. हा हिशेब त्याने मनात करून ठेवलेला होता, आणि तो त्याला रात्री झोपू देत नव्हता.

रादिमबद्दल त्याची तक्रार तशी एवढीच की तो चर्चमधले ऑर्गन सुरात लावायचा आणि त्याची बोटं मेणबत्तीसारखी होती. पण पोराने फेब्रुवारीत विचारलं, "मिस्त्री, पिस्तूल कुठलं घेऊ?" तेव्हा हिनेक मनातून इतका हलला की त्याने चार पानी पत्र लिहिलं. पिस्तूल दुकानातल्या दिव्याखाली बघून घेऊ नकोस. डोळे मिट, मूठ धर, हात समोर ने, मग डोळे उघड. पुढची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, मागच्या खाचेत आपोआप आलेली दिसली तर ते तुझं. शोधावी लागली तर ते दुसऱ्या कुणाचं, त्याच्यासाठी ठेव. चाप हलका हवा, पण हावरा नको. म्यान असं की चाप पूर्ण झाकेल. मॅगझिनचा तळ असा घे की सगळं मिळून उंची दीडशेला अर्धा मिलिमीटर कमी भरेल. त्याहून जास्त सोडलंस तर एक गोळी कमी मावेल आणि जन्मभर हळहळशील.

पत्र वाचून यित्का म्हणाली होती, "मी शिकायला बाहेर होते तेव्हा मला तू तीन ओळी लिहायचास. त्यातली एक हवामानाची."

शनिवारी सकाळी आठ वाजता हिनेक टेबलामागे बसला, समोर पेटी. पहिला नंबर रादिमचा. त्याने रिकामं पिस्तूल, रिकामं मॅगझिन लावून, दोन्ही हातांनी पुढे ठेवलं. हिनेकने ते पेटीत उतरवलं.

उतरेना. मॅगझिनचा तळ कडेवर अडला, चपला काढाव्या की नाही अशा विचारात उंबऱ्यावर थांबलेल्या पाहुण्यासारखा.

"तळ बदललास?"

"नाही, मिस्त्री."

"मग हे काय आहे?"

रादिमने पेटीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हिनेककडे, मग मागे उभ्या असलेल्या यित्काकडे.

"बसत नाही खरं," तो म्हणाला.

इथे थांबायला हवं होतं. पण मागे वीस माणसं रांगेत होती, आणि वीस माणसं ऐकत असली की हिनेकचा आवाज आपोआप चढायचा.

"चार पानं लिहून दिली होती. चार पानं. वाचता येत नसेल तर निदान मोजता तरी यावं माणसाला."

रांगेत कुणीतरी हसलं. हिनेकने तक्त्यात रादिमच्या नावापुढे 'खुला गट' लिहिलं. रादिम "बरं" म्हणाला आणि पिस्तूल म्यानात घालून गेला. यित्का गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली.

हिनेकला वाईट वाटलं. पण नियम तो नियम, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि पुढच्याला हात केला.

पुढचा मातोउश खाटीक. त्याचंही पिस्तूल बसेना.

"गेल्या वर्षी बसलं होतं," मातोउश म्हणाला.

"गेल्या वर्षी पेटी कोणाची होती?"

"उसनी आणलेली."

"मग."

मातोउश खुल्या गटात जाणाऱ्यातला नव्हता. तो आपल्या गाडीकडे गेला, कानस काढली आणि बॉनेटवर बसून तिन्ही मॅगझिनचे तळ घासू लागला. घासण्याचा तो आवाज तासभर खाणीत घुमत होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा पिस्तूल बसलं, पण प्रत्येक मॅगझिनमध्ये एक गोळी कमी मावायला लागली होती आणि मातोउशचं तोंड पाहवत नव्हतं.

साडेदहापर्यंत अठरा माणसं खुल्या गटात गेली. झ्लीनहून एक दातांचा डॉक्टर खुल्या गटात खेळायला आला होता. तिथे दरवर्षी तिघंचौघंच असत, म्हणून चषक गाडीच्या मागच्या सीटवर कसा ठेवायचा तेवढाच विचार तो करून आलेला. एकोणिसावं नाव लिहिलं गेलं तसा तो तक्त्याशी येऊन नावं मोजू लागला.

यारोमिर टेबलाशी आला आणि वाकून हळू बोलला, "मिस्त्री, रागावू नका. एवढ्या लोकांचं एकदम कसं काय... पेटी एकदा बघू या का?"

"पेटी मी केलीय, यारोमिर."

"तेच म्हणतोय."

"मग विषय संपला."

अकराला हिनेकची स्वतःची पाळी आली. त्याने आपलं पिस्तूल काढलं. बारा वर्षं वापरलेलं, उंची एकशे एकोणपन्नास पूर्णांक सहा, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने ते पेटीत ठेवलं.

ते बसलं नाही.

त्याने पुन्हा ठेवलं. मग फिरवून ठेवलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून अंगठ्याने दाबलं. शेवटी खिशातून पोलादी पट्टी काढली आणि कडेवर कोरलेल्या १५० या आकड्याच्या बरोबर खाली टेकवली.

एकशे सत्तेचाळीस.

हिनेकने पट्टी खिशात ठेवली. मग पिस्तूल म्यानात घातलं, पेटी कोटाच्या आत घेतली आणि क्लबाच्या खोपटात गेला. तिथे व्लास्ता साठ माणसांसाठी गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, ढवळत होती.

"व्लास्ता, हिवाळाभर ही पेटी कुठे होती?"

"तू ठेवलीस तिथेच. शेगडीवरच्या फळीवर. ओल लागेल म्हणालास. पाच महिने खाली लाकडं जळत होती."

हिनेक बाकावर बसला. तळाची अखंड फळी. दीडशेचं माप तिच्या रेषांना आडवं. लाकूड सुकलं की लांबीत हलत नाही, रुंदीत आक्रसतं आणि चिकटवलेल्या बाजूही आत ओढून घेतं. दुसऱ्या कुणी असली पेटी केली असती तर हिनेकने त्याला गिऱ्हाइकांदेखत शहाणपण शिकवलं असतं.

"तीनच मिलिमीटर आहेत," तो म्हणाला. "वाफेवर धरली तर फुगेल. मग फेरतपासणी म्हणून सगळ्यांना परत बोलावतो."

"आणि त्या पोराला काय सांगशील?"

हिनेक बाही वर करून पातेल्याशी उभा राहिला.

"मी काही पाहिलं नाही," व्लास्ता म्हणाली, आणि कांदे चिरायला पाठ करून बसली. "पण आत पडली तर साठ जणांना तू जेवायला घालायचंस."

वाफ चांगली होती. लसणाची, लाल तिखटाची, भरपूर. हिनेक पेटी दोन्ही हातांनी धरून होता, बाळाला अंघोळीआधी पाण्यावर धरतात तशी. लाकूड गरम झालं. कडा ओलसर झाल्या. फुगतेय, त्याला वाटलं. बोटांना कळतंय.

बोटांना जे कळत होतं ते सरस विरघळल्याचं होतं. आजोबांच्या पद्धतीचा सरस लाकूड शंभर वर्षं धरून ठेवतो, पण गरम वाफ लागली की माणसासारखा मऊ होतो. आधी एक बाजू सरकली. ती सावरायला हिनेकने हात हलवला तर दुसरी सुटली. मग पेटी कसलाही आवाज न करता उघडली आणि पाच तुकड्यांनी गुलाशात गेली. १५० कोरलेली फळी शेवटी बुडाली.

दारात रादिम उभा होता. हातात रिकामा ग्लास.

"यित्काला पाणी हवं होतं," तो म्हणाला.

रादिमने ग्लास ठेवला, भिंतीवरचा मोठा डाव घेतला आणि एकेक तुकडा बाहेर काढून फडक्यावर मांडू लागला. मेणबत्तीसारखी बोटं, पण एक थेंब बाहेर सांडला नाही.

"शेगडीपाशी होती ना?" त्याने विचारलं.

हिनेक चमकला. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे चर्चमध्ये नवा हीटर बसवला की ऑर्गनच्या लाकडी नळ्यांचं हेच होतं. आणि पिस्तूल मी घरी तीनदा मोजलं होतं, मिस्त्री. दीडशेला अर्धा कमी, तुम्ही लिहिलं होतं तसंच. सकाळी पेटी पाहिली तेव्हाच लक्षात आलं."

"मग तिथेच बोलला का नाहीस?"

रादिमने पाचवा तुकडा पुसून ठेवला.

"यित्काने बजावलं होतं. आज काही झालं तरी बाबांना उलट बोलायचं नाही, नाहीतर वरचा मजला विसर. मला तो मजला आवडलाय. जिन्याचा कठडा तर फारच."

व्लास्ताचं कांदा चिरणं थांबलं. हिनेकने बाही खाली केली. त्याने फडक्यात ते पाच तुकडे गुंडाळले आणि बाहेर गेला.

तो टेबलावर चढला. साठ माणसं, झ्लीनचा डॉक्टर आणि बंद काचेची एक गाडी यांच्यासमोर त्याने फडकं उघडून दाखवलं.

"पेटी खोटी आहे," हिनेक म्हणाला. "तीन मिलिमीटर कमी. चूक माझी. आज सकाळी ज्यांना खुल्या गटात टाकलं ते सगळे परत स्टँडर्डमध्ये. यारोमिर पट्टीने पुन्हा मोजेल. आणि रादिमला मी जे बोललो ते चूक होतं. त्याला वाचता येतं आणि मोजताही येतं. मोजता मला आलं नाही."

मग मातोउश पुढे आला.

"माझी तीन मॅगझिनं मी घासली, मिस्त्री."

"भरून देतो."

"कशाने? लाकडाने?"

यावर लोक हसले, आणि हिनेकला प्रथमच वाटलं की बरं झालं हसले. झ्लीनचा डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसला. जेवताना कुणी तक्रार केली नाही. गुलाशाला जुन्या सुतारखोलीचा वास होता, पण दोनदोनदा वाढून घेणारेही होते. स्पर्धेत रादिम स्टँडर्ड गटात शेवटून चौथा आला. पळताना तो प्रत्येक निशाणाला वळसा घालून माफी मागितल्यासारखा जात होता.

संध्याकाळी सामान आवरून झालं तेव्हा यित्का गाडीतून उतरली. ती रादिमशी काहीतरी बोलली, रादिम काहीतरी बोलला. हिनेक चार पावलांवर बुटाची नाडी बांधत बसला होता. ती नाडी त्याने तिसऱ्यांदा सोडली तेव्हा यित्का त्याच्यासमोर येऊन थांबली.

"ओलोमोउत्सला नाही म्हणून कळवतोय," ती म्हणाली. "वर राहू."

हिनेक उठला. त्याला दोघांनाही जवळ घ्यायचं होतं, पण तसं करायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्याने रादिमचा हात हातात घेतला आणि सोडायचा विसरला. आणि इतके महिने पोटात ठेवलेली गोष्ट त्याच्या तोंडून आनंदाच्या भरात निसटली.

"तुमच्यासाठी पलंग केलाय. लग्नाला द्यायचा होता, पण आताच सांगतो. अक्रोडाचा. एक खिळा नाही. ऑक्टोबरातच पुरा झालाय."

"बाबा," यित्का म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

रादिमने हात सोडवून घेतला नाही, पण तो विचारात पडल्यासारखा दिसला.

"मिस्त्री," त्याने फार हळुवारपणे विचारलं, "हिवाळाभर तो कुठे ठेवला होता?"

हिनेक खाणीच्या कड्याकडे बघत राहिला.

"दोघं मावतील ना पण?" यित्काने विचारलं.

"ऑक्टोबरात मावत होती," हिनेक म्हणाला.