अंगणातले एकवीस उंबरठे

आमच्या शेजारच्या गोविंददादांच्या अंगणात एकवीस उंबरठे होते. घराला नव्हे, अंगणाला. ओटीपासून फाटकापर्यंत हात-हात अंतरावर आडव्या फळ्या ठोकलेल्या. पोस्टमन फाटकातूनच पत्र भिरकावायचा. दूधवाला दोनदा सपशेल आडवा झाला, तेव्हापासून दादांची बायको, भागीवहिनी, स्वतः फाटकापर्यंत येऊन दूध घेऊ लागल्या. हिंदकळत का होईना, घेऊ लागल्या. वर्षापूर्वी याच वहिनी ओटीवरून माजघरात जायला निघाल्या की दारात तासभर खिळून राहायच्या.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी कळंबच्या शाळेत मास्तर होतो आणि गोविंददादा वीज खात्यातून रिटायर झालेले वायरमन. सगळी नोकरी खांबावर गेल्यामुळे खाली उतरल्यावरही त्यांना जग वरूनच दिसे. कुठल्याही दुखण्यावर त्यांचं एकच निदान. "मास्तर, कुठंतरी लूज हाय." माझं डोकं दुखलं, लूज. पोरं गणितात नापास झाली, लूज. सरपंचांचं बायकोशी पटेना, तेव्हा हेच त्यांनी सरपंचांना भर चावडीवर ऐकवलं.

वहिनींना कंपवात झाला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हात बरेच थांबले, पण पाय ऐकेनात. चालता चालता दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. दादांनी धीर धरण्याऐवजी वही केली. कितव्या पावलाला पाय अडला, कुठे अडला, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, सगळं टिपून ठेवायचे. महिनाभराने वहीवर बोट आपटून मला म्हणाले, "दारातच अडतंय. म्हंजे फॉल्ट उंबऱ्यात हाय."

दुसऱ्या दिवशी पहार घेऊन त्यांनी घरातले झिजून जमिनीला टेकलेले तिन्ही उंबरठे उखडले. गावात हाहाकार झाला. त्यांची थोरली बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अरं गोविंदा, लक्ष्मी बसंल कुठं रं आता?"

"तिला खुर्ची देतो," दादा म्हणाले. "माझी बायको चालली पायजे."

बायको चालली नाही. उलट आता दारात पार खांबच व्हायची. दादा पुन्हा वही घेऊन बसले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते वहिनींना धरून आमच्याकडे घेऊन आले. एवढ्या बायकांत बाहेरचा एकटा पुरुष, पण संकोच नाही. आमच्या घरमालकाने पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून उंबरठा चांगला वीतभर उंच केलेला. त्याच्यापाशी वहिनी थांबल्या, खाली बघितलं, पाय उचलला आणि ओलांडून सरळ आत चालत गेल्या. दादा बाहेरच आ वासून उभे. मग त्यांनी वहिनींना आठ वेळा आतबाहेर करायला लावलं. माझी बायको हळदीकुंकवाची कोयरी घेऊन ताटकळत उभी.

"मास्तर, मी येडा!" दादा ओरडले. "आडवं काय आलं की करंट पोचतोय. सपाटीवरच लाईन जाते. अन मी चांगली फेज तोडून बसलो!" मग तिन्ही उंबरठे वीतभर उंच होऊन परत बसले आणि अंगणात एकवीस नवे आले.

मुंबईच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि सांगितलं की परदेशात काही डॉक्टर मेंदूत बारीक तार घालून, तिच्यातून करंट देऊन बघतायत. दादा पुढचे दोन महिने जमिनीवर नव्हते. "डोस्क्यात वायरिंग! मी काय म्हणत व्हतो?" फक्त एक शंका त्यांना छळायची. "पण मास्तर, त्ये बॅटरीवर घेतात का खांबावरनं? लाईट गेली तं बाय रस्त्यातच उभी राहायची."

मग त्यांच्या मुलीचं, सुमनचं, कशेळ्याच्या मुलाशी लग्न ठरलं. लग्न दारातच, म्हणजे मांडव अंगणात. वऱ्हाडाने पाय उचलून चालावं, असा दादांचा आग्रह. पण मुलाचे मामा जागा बघायला आले आणि तिसऱ्याच फळीला कोसळले. फळ्या निघाल्या. अंगण शेणाने सारवून गुळगुळीत झालं.

आता वहिनींनी ओटीवरून बोहल्यापर्यंत जायचं कसं? पुतणे म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. वहिनी कधी नव्हे ते तडकल्या. "उचलून मेल्यावर न्या. लेकीच्या लग्नाला माझ्या पायानं जाईन, नायतं जायाचीच नाय."

दादांनी पहाटे चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या. नऊ वाजेपर्यंत पाहुण्यांनी त्या पायांनी पुसून टाकल्या.

अक्षता पडल्या. भटजींनी कन्यादानासाठी आईबापांना हाक मारली. वहिनी ओटीवरून दादांचा हात धरून उतरल्या आणि उतरल्या तिथेच खिळल्या. पाय हलत नाही, आणि सगळा मांडव बघतोय. बोहल्यावर सुमन रडवेली झाली. मला तर मान वर करवेना.

दादांनी चपला काढल्या. बाजूला वळून त्यांनी आपलं एक पाऊल वहिनींच्या पावलापुढे आडवं ठेवलं. "वलांड."

आमच्याकडे झोपलेल्या पोराचा पायसुद्धा कुणी ओलांडत नाही. इथे तर नवऱ्याचा पाय, आणि भर मांडवात. म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. वहिनी पुटपुटल्या, "अवो, पाप लागंल."

"लागंल तं मला लागंल. तू वलांड गं."

वहिनींनी डोळे मिटले, उघडले, आणि पाय उचलला. दादांनी लगेच पुन्हा पाऊल आडवं घातलं. त्यांनी ते ओलांडलं. असं एकेक करत, दादा खेकड्यासारखे तिरके आणि वहिनी त्यांच्या पावलांवरून. बँडवाले वाजवायचं विसरले. वहिनी बोहल्याशी पोचल्या. त्यांच्या थरथरत्या हातातलं पाणी निम्मं सुमनच्या ओंजळीत आणि निम्मं भटजींच्या धोतरावर पडलं. इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत दादा माझ्या शेजारी बसले. त्यांचे दोन्ही पाय सुजलेले, अंगठ्यांची नखं काळीनिळी. वहिनींचं पाऊल किती वेळा त्यांच्यावरच पडलं होतं कोण जाणे. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी पाय धोतराखाली ओढले.

"तिला बोलू नका, मास्तर. कळलं तं पाय टाकाया भिईल."

मग त्यांनी माझे पायमोजे मागून घेतले, आणि वैशाखातल्या त्या उन्हात पंधरा दिवस ते घालून फिरले.